कारवार माझ्या अंगणात

मी सकिना. दाभोळची शाळा आणि माझं अंगण यांच्यामध्ये नुसता एक गडगा, दगडावर दगड रचलेला. त्यामुळे शाळेत जे चालायचं ते मला फुकटात शिकायला मिळायचं. विमलाबाईंचा आवाजच तसा खणखणीत होता. बाई मूळच्या कारवारच्या. नवरा गेल्यावर नोकरीसाठी इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. बाजारात त्या बांगड्याचे कल्ले उघडून बघायला लागल्या की भल्याभल्या कोळणी भाव कमी करायच्या. कारवारला आई एकटीच होती.

पोरांना आपलं राज्य कळावं म्हणून बाईंनी शाळेच्या अंगणात मुंबई राज्याचा भला थोरला नकाशा मांडला होता. हद्द जांभ्याच्या खड्यांची, डोंगर चिखलाचे. जिथे जे पिकतं ते तिथे ठेवायचं. खानदेशात कापूस, रत्नागिरीत आंब्याची कोय. तळाशी कारवार. तिथे बाईंनी आईने दिलेला शंख ठेवला होता.

मग छप्पन साली, दिवाळीच्या सुमारास, सरकारने राज्यच बदललं. म्हणजे नेमकं काय केलं, ते मला अजून धड कळलेलं नाही. नागपूर आलं, औरंगाबाद आलं, कच्छ आलं आणि कारवार म्हैसुरात गेलं. अरे, गेलं म्हणजे? काल होतं तिथेच आहे ना? हेडमास्तर महिपत गुरुजींना विचारलं, तर ते डोकं खाजवत म्हणाले, "भाभी, माझाच गोंधळ उडालाय. पण डेप्युटीसाहेब तपासणीला यायचेत. नकाशा नवा हवा."

नव्या राज्याला जागा पुरेना. नागपूर विहिरीपाशी अडकलं आणि कच्छ गडगा फोडून थेट माझ्या सुकटीच्या जागेवर! मी भडकलेच. "बोंबील काय डोक्यावर वाळवू?" पण बाईंनी गळ घातली आणि पोरांनी मीठ पसरून माझ्या दारात कच्छ केलं. माझा नवरा गलबत घेऊन कच्छातल्या मांडवीला जायचा. तो आता परमुलखात की घरातच? कोणाला सांगता येईना.

सगळं झालं, पण कारवार जागच्या जागी. गुरुजी रोज म्हणायचे, "बाई, तेवढं काढा, नोकरीवर येईल." बाई मान हलवायच्या. तपासणीच्या सकाळी बघते तर बाई शंखापाशी उकिडव्या बसलेल्या. हात पुढे जाईना.

"भाभी, आई आहे हो माझी तिथे. ती परराज्यातली, असं पोरांना कुठल्या तोंडाने सांगू?"

मला राग आला, कोणावर ते विचारू नका. मी शंख उचलला. "कुठे ठेवू?" शेवटी माझ्या अंगणात नेऊन ठेवला, कच्छच्या शेजारी.

साहेब आले. नागपूर पाहिलं, औरंगाबाद पाहिलं, पडक्या गडग्याशी येऊन थबकले.

"हे कच्छ. आणि हे काय?"

"कारवार!" माझी लेक शमीम चटकन म्हणाली.

"इथे? कारवार आता राज्यातच नाही."

गुरुजींचं तोंड एवढंसं झालं. मी पदर खोचून पुढे झाले. "साहेब, राज्य तुमचं. अंगण माझं. इथे कोणाला ठेवायचं ते मी बघेन."

बाई गडगा ओलांडून आल्या, शंखाशेजारी मटकन बसल्या आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडल्या. साहेबांनी टोपी काढली आणि ते गुरुजींना म्हणाले, "तपासणी झाली. पोरांना घरी सोडा."