मामांच्या पिकअपची बॅटरी का उतरायची

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं दुसरं कोणी नव्हतं. माझ्या शिक्षणामागे मामा उभे होते. ते साताऱ्याकडून येऊन कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात राहिलेले. वाशीच्या मार्केटमधून रबाळ्याच्या एका कारखान्याच्या कँटीनला ते रोज आपल्या पिकअपमधून भाजी पोचवत. निकाल लागल्यावर नोकरी शोधायला मी त्यांच्याकडेच आलो, आणि आल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे प्रश्न ठेवला.

"तू सायन्सवाला हाईस. संध्याकाळी चांगली लावलेली गाडी सकाळी सेल्फ का घेत न्हाय, सांग."

प्रश्न गमतीचा नव्हता. कँटीनच्या मॅनेजरनं बजावलं होतं, सातनंतर आणखी एकदा भाजी आली तर दुसरा माणूस बघू. मामांचं घर त्या एका कामावर चालत होतं.

बॅटरी नवी घालून झाली होती. तरी रोज पहाटे चार शेजारी धक्का मारायला यायचे. त्यांत बेलापूरच्या कचेरीतले एक हेडक्लार्क होते. ते बनियनवर येत, हौद्याला खांदा लावत आणि "प्रस्ताव मंजूर" म्हटल्याशिवाय जोर लावत नसत. गाडी सुरू झाली की आम्ही सगळे मागच्या धुरात उभं राहून एकमेकांचं अभिनंदन करत असू.

गाडी लावायचो ती जागा बोनकोड्याच्या एका म्हाताऱ्या आजोबांची. त्यांना कारण कधीच कळलं होतं.

"इथं आमचा मिठागर व्हता," ते म्हणाले. "मीठ पानी खेचतं, तसा करंट बी खेचतं. टायरातून जातंय खाली."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मला वायरला हात लावायची सवय नव्हती, पण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. मी ते गंभीरपणे सांगून टाकलं. रबर वीज अडवतं हेही मी परीक्षेत लिहिलं होतं, पण त्या क्षणी ते आठवलं नाही. त्याच दिवशी आंब्याच्या पेट्या फोडून आम्ही चारही चाकांखाली फळ्या घातल्या. पुढचे चार दिवस आमची पिकअप लग्नात पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखी उभी होती. बॅटरी तशीच उतरत राहिली. वर धक्का मारताना फळ्या मोडल्या आणि हेडक्लार्कच्या पायात खिळा गेला. "प्रस्ताव फेरविचारासाठी परत," असं म्हणून ते लंगडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी धक्क्याला तिघंच होते आणि आम्ही सातला पाच मिनिटं असताना कँटीनला पोचलो.

शेवटी खरी युक्ती सांगितली ती मार्केटबाहेर गाड्यांची वायरिंग करणाऱ्या माणसानं. "बॅटरीचा मायनस काढ. वायर आणि बॅटरीच्या मध्ये छोटा बल्ब लाव. गाडी बंद असून बल्ब पेटला तर कोणीतरी करंट खातंय. मग एकेक फ्यूज काढ. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, तो चोर." तो सातवी नापास होता. तीन वर्षांत मला इतकं स्वच्छ कोणी शिकवलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी वही घेऊन बसलो.

"मामा, सगळे दिवे बंद आहेत ना?"

"सगळे."

मी स्वतः आत डोकावलो. डॅशबोर्डवर खंडोबाची तसबीर होती. तिच्यापुढे छोटा लाल दिवा जळत होता. मी हात जोडले आणि वहीत लिहिलं : सर्व दिवे बंद.

बल्ब जोडला. तो मंद पेटला. मी एकेक फ्यूज काढत गेलो. सगळे फ्यूज माझ्या मांडीवर आले तरी बल्ब पेटलेलाच. मग बॅटरीच्या प्लसवर काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली एक बारीक वायर दिसली. बोटानं माग काढत गेलो. वायर पायपुसण्याखालून डॅशबोर्डमागे गेली आणि तसबिरीपाशी वर आली. मी बोट मागे घेतलं आणि परत एकदा हात जोडले.

"मामा, हा दिवा बंद होत नाही?"

"कसा हुईल? डायरेक्ट घेतलाय. इंजान बसलं तरी ह्यो जळतोय, त्याचीच कृपा म्हणायची."

"मामा, इंजिन याच्यामुळेच बसतंय."

मामांनी तसबिरीची काच बाहीनं पुसली. मग म्हणाले, "त्यो इझवायचा न्हाय. तू बीएस्सी झालास तर गाडीत अखंड दिवा ठेवीन, असा नवस हुता."

म्हणजे निकाल लागल्यापासून माझी पदवी मामांची बॅटरी खात होती. मी सुटे फ्यूज एकेक करून परत बसवत राहिलो.

मामी दारात मिरच्या निवडत सगळं ऐकत होती. "देवळात श्येजारती हुती का न्हाय?" ती म्हणाली. "देव बी निजतो रातचा. तुमी त्येला टक्क जागा ठेवलाय गाडीत."

सोमवारी मामांनी त्या वायरमनकडून दिव्याच्या वायरीत एक बटण बसवून आणलं. संध्याकाळी गाडी लावल्यावर त्यांनी तसबिरीवर रुमाल पांघरला, अख्खी शेजारती म्हटली आणि बटण दाबलं. हेडक्लार्क पायाला पट्टी बांधून टाळ्या वाजवायला आले होते.

मंगळवारी किल्ली फिरवली आणि पिकअप पहिल्या झटक्यात सुरू झाली. धक्क्याला आलेले चौघे हात पुढे करून तसेच उभे राहिले. मामांनी मात्र इंजिन चालू ठेवून तसबिरीवरचा रुमाल काढला, दिवा लावला आणि काकड आरती धरली. दोन कडव्यांनंतर मी घड्याळ दाखवलं, तेव्हा उरलेली आरती त्यांनी गाडी चालवत म्हटली.

भाजी भरून आम्ही पावणेसातला रबाळ्याला पोचलो. मॅनेजरनं भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग आमच्याकडे.

"आज धक्का कोणी मारला?"

"कुणी न्हाय," मामा म्हणाले. "भाचा बीएस्सी हाय माझा."

मॅनेजरनं वजनकाटा पुढे ओढला आणि म्हणाला, "उद्यापासून कोथिंबीर जास्त आणा." मी मान खाली घालून पालकाच्या जुड्या उतरवायला लागलो.