पाण्यात उतरून पाहणी करणाऱ्या नजमाआपा

नजमाआपांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही चार शब्द लिहावेत, असं गौरव समितीने सुचवलं. मी लेखिका नाही, पोहायला शिकवणारी बाई आहे. पण आपांची आणि माझी ओळख पाण्याच्या काठावरच झाली, म्हणून हे धाडस करते आहे.

भूकंपानंतरची ती वर्षं होती. माझं माहेर नांदेडचं, गोदावरीत पोहायला शिकलेली मी. लग्न होऊन या शहरात आले, तेव्हा पालिकेच्या जलतरण तलावावर बायकांच्या तासासाठी शिकवणारी बाई हवी होती, ते काम मला मिळालं. तलाव पालिकेचा, पण चालवायला माधवराव नावाच्या ठेकेदारांकडे दिलेला. याच सुमारास शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. निलंग्याहून, उदगीरहून, पार नांदेडकडूनही मुलं येऊन वसतिगृहांत राहू लागली होती. वसतिगृहवाले माधवरावांकडून तलावाचे तास घाऊक घेत. होता होता बायकांचा तासही त्यातच गेला. बायका दारावरून परत जाऊ लागल्या.

एके सकाळी खादीच्या सलवार-कमीजमधल्या, पन्नाशीच्या एक बाई आल्या. शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या, नुकत्याच निवडून आलेल्या नगरसेविका आणि तलावावर देखरेख करणाऱ्या समितीच्या सदस्य, एवढंच त्यांच्याबद्दल मी ऐकून होते. त्यांनी माधवरावांना करारातलं बायकांच्या तासाचं कलम वाचून दाखवलं. माधवरावांनी मान डोलावली, चहा मागवला आणि काठावर खुर्ची टाकून दिली. समितीची पाहणी तोवर त्या खुर्चीतूनच होत असे. आपा बसल्या नाहीत. पाणी हिरवट होतं, तळ दिसत नव्हता. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वरून बघून मला काय कळणार हाय, पोरी? तू मला पोहायला शिकव."

आपा भूकंपग्रस्त गावांमध्ये कपडे शिवून द्यायला महिनोन्‌महिने जात होत्या. वरून धड दिसणाऱ्या भिंती हात लावताच कशा ढासळत, हे त्यांनी तिथे पाहिलं होतं. तेव्हापासून कुठलीही गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय चांगली म्हणायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. सदस्यच पाण्यात असल्यावर बायकांचा तास बंद कोण करणार? त्यांच्यामागे शिवणाच्या दुकानातल्या बायका आल्या, मग शिक्षिका, मग सासूला घेऊन आलेल्या सुना. आपा ओढणी गळ्याभोवती गुंडाळूनच पाण्यात उतरत. सुरुवातीला त्या खांबासारख्या सरळ बुडत आणि वर येऊन स्वतःच हसत. उन्हाळा लागेपर्यंत मात्र त्या बुडी मारून तळाला हात लावू लागल्या.

अशाच एका बुडीत त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ खाली राहिल्या. मी झेप घेणार, तेवढ्यात त्या वर आल्या. धाप लागलेली, अंगावर ओढणी नव्हती. तळाशी पाणी बाहेर नेणाऱ्या नळाच्या तोंडावरची जाळी निखळली होती आणि पंपाच्या ओढीने ओढणी आत गेली होती. आपांनी ती गळ्यातून सोडवून टाकली म्हणून त्या वाचल्या. काठ धरून त्या एवढंच म्हणाल्या, "आधी पंप बंद कर. मग सगळ्या बायकांना बाहेर काढ."

त्यांनी तलावाला कुलूप लावायला सांगितलं. माधवराव धावत आले. माधवराव आपांचे शेजारी. त्यांनीच आग्रह करून आपांना निवडणुकीला उभं केलं होतं, प्रचाराला आपली जीप दिली होती. ते हात जोडून म्हणाले, "आपा, सगळे तास भरून राहिलेत. उन्हाळा उतरू द्या, मग जाळी काय, सगळंच नवं करून देतो."

"माधवभाऊ," आपा म्हणाल्या, "तुमचे उपकार मी विसरले न्हाई. पण ती मुलं त्यांच्या आई-बापांनी आपल्या भरवशावर इथं धाडलीत."

माधवराव रागाने निघून गेले. वसतिगृहवाल्यांनी आरडाओरड केली. एवढ्या तेवढ्यासाठी भर उन्हाळ्यात तलाव बंद कशाला, असं समितीतल्या काहींचंही म्हणणं पडलं. तेव्हा आपांनी बैठक तलावाच्या काठावरच घ्यायला लावली, माधवरावांनाही बोलावलं. सगळे आल्यावर पंप सुरू करायला सांगितला आणि लांब बांबूच्या टोकाला सैल गाठ मारलेलं लहान मुलाचं झबलं तळापर्यंत सोडलं. बांबू वर आला तो रिकामा. तेव्हा माधवरावच उठले आणि आपल्या माणसांना तलाव उपसायला सांगून आले.

डागडुजी चालली होती तोवर मला काम नव्हतं. आपांनी मला दुकानात मशीनवर बसवलं. मी शिवलेल्या बाह्या एक लांब, एक आखूड होत. आपा त्या निमूटपणे उसवून पुन्हा शिवत आणि संध्याकाळी मला जेवल्याशिवाय सोडत नसत. पुढच्या करारात मात्र त्यांनी दोन कलमं आग्रहाने घालून घेतली. बायकांना शिकवणारी बाई ठेकेदाराने नव्हे, पालिकेने नेमायची, आणि दर मोसमाआधी पाणी उपसून तळ तपासायचा. माझी नोकरी टिकली ती पहिल्या कलमामुळे, पण त्यासाठी आपांनी माझं नाव कुठेही घेतलं नाही. अर्ज माझा मलाच करावा लागला.

माधवराव वर्षभर आपांशी बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तळ स्वच्छ दिसणारा तलाव सुरू करायच्या आदल्या दिवशी ते स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "चला आपा, आधी तुम्ही उतरून बघा." आज या गौरव समितीचे कार्याध्यक्ष तेच आहेत.

आपा आता नगरसेविका नाहीत, पण देखरेख काही सुटलेली नाही. परवा पालिकेची नवी बाग ठेकेदाराने सजवली, उद्‌घाटनाची तयारी झाली. आपा पाहुण्यांच्या आधी पोचल्या आणि लहान मुलांसाठीच्या झोक्यावर बसल्या. साखळी करकरली. अभियंता साहेब अजिजीने म्हणाले, "आपा, आता उतरा, तुमचं वय झालंय." आपांनी पायाने रेटा दिला आणि झोका आणखी उंच नेला.

आपांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. या शहरात अजून पुष्कळ बागा व्हायच्या आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक झोक्यावर सर्वांत आधी त्यांनीच बसावं, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे.