शोधाच्या चौकटीत आलेले अर्ज

एका मुलीच्या बोलण्याचं जवळजवळ एक वर्ष माझ्यामुळे गेलं. हे मी आजवर कागदावर कधी उतरवलं नाही. आता लिहितेय तर सरळच लिहिते, कारण तेव्हा मी पुष्कळ आडवळणं घेतली.

दौंडला एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी ऑफिसात होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. टायपिंग झालेलं, कॉम्प्युटरचा कोर्स झालेला आणि स्वभाव तिखट, त्यामुळे जे काम कुणालाच नको असायचं ते फिरत फिरत माझ्या टेबलावर यायचं. दवाखान्याची वेबसाईटही तशीच आली. ट्रस्टचा कारभार एक वयस्कर गृहस्थ बघायचे, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. पुण्यात कुठल्याशा कार्यक्रमात त्यांनी दुसऱ्या एका हॉस्पिटलची वेबसाईट पाहिली आणि परत आल्या आल्या म्हणाले, "आपली बी पायजेल." पायजेल तर पायजेल. पुण्याच्याच एका माणसानं ती करून दिली आणि सांभाळायची कुणी, तर मी.

पहिल्या पानावर विश्वस्तांचे फोटो, पायाभरणीचा फोटो, हार घातलेल्या पाहुण्यांचा फोटो. आजारी माणसाला उपयोगी पडेल असं एक अक्षर नाही. मी म्हटलं, "आप्पा, पोटात दुखणारा माणूस तुमचा फोटो बघून बरा होणारे का?" ते मनापासून हसले. फोटो मात्र तिथंच राहिले.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात शोधाची एक चौकट होती. तिच्यात शब्द टाकून बटण दाबलं की तो शब्द ज्या ज्या पानावर असेल ती पानं समोर यायची. लोक तिथं जे जे टाइप करतात ते सगळं एका यादीत जमा होतं, असं वेबसाईटवाल्यानं मला सांगितलं. कुठल्या दिवशी काय शोधलं, सापडलं की नाही, सगळं. "दर महिन्याला बघत जा मॅडम. लोकांना काय हवंय ते तुम्हाला विचारायला जावं लागणार नाही."

पहिली यादी उघडली आणि मी दुपारचा डबा खायचा विसरले. बहुतेकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी. सोनोग्राफी. बाळंतपण. कुत्रा चावला. या शेवटच्यावर तर आमच्या साईटला काहीच सापडलं नव्हतं, कारण आम्ही पानावर 'श्वानदंश प्रतिबंधक लस विभाग' असं भारदस्त लिहून ठेवलेलं. आता मला सांगा, वरवंडच्या रानात ज्याच्या पोटरीचा लचका तोडलाय तो श्वानदंश म्हणेल का?

मी पानं बदलायला घेतली. कोणता डॉक्टर कोणत्या वारी, उपाशीपोटी यायचं की जेवून, सोबत कुठले कागद, स्टँडवरून कुठून वळायचं. जे जास्त वेळा शोधलं जाई ते वर आणलं. लोकांनी ज्या शब्दांत विचारलं त्याच शब्दांत उत्तर लिहिलं. 'काही सापडले नाही' अशा ओळी महिन्यागणिक कमी होत गेल्या. आप्पा मीटिंगमध्ये माझी यादी मोठ्यानं वाचून दाखवायला लागले आणि मी खरोखर हवेत गेले. खोटं कशाला बोलू?

त्या यादीत एकच गोष्ट मला खुपायची. मध्येच लांबलचक ओळी यायच्या. 'मा. डॉक्टरसाहेब यांस विनंतीअर्ज की माझ्या वडिलांचे गुडघ्याचे ऑपरेशन...' आमच्या भागातल्या माणसापुढं ऑफिसानं रिकामी चौकट ठेवली की तो तिच्यात अर्जच लिहिणार. आणि हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. माझे वडील रेल्वेत होते, आमच्या वस्तीतले निम्मे अर्ज त्यांच्या हातचे. रविवारी विहारातून घरी आले की दारात माणसं बसलेली असायची. प्रति, विषय, महोदय. अर्ज नीट लिहिला की साहेबाला वाचावाच लागतो, असं ते म्हणायचे. त्या घरात वाढलेली मी, आणि मला त्या ओळींचं हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मी त्या वाचून दाखवल्या. "अगं बाई, हे तर पत्रव्यवहारच करत बसलेत!" आम्ही दोघी हसलो.

शिवाय त्या ओळी मोजणीत बसायच्या नाहीत. 'सोनोग्राफी' महिन्यात पन्नासदा आली तर ती वर जाते. असा अर्ज एकदाच येतो, दुसऱ्या कशाशी जुळत नाही, उगाच यादी लांबवतो. मी वेबसाईटवाल्याला फोन केला आणि सांगितलं, सहा शब्दांपेक्षा लांब जे काही असेल ते यादीत घेऊच नका.

"नक्की ना मॅडम? मग ते साठवलं पण जाणार नाही."

"नक्की. कचरा आहे सगळा."

कचरा हा शब्द माझाच.

फोन करण्याआधी त्या ओळींवरून मी एकदा नजर फिरवली होती. त्यात एक अशी होती: 'मुलगी दोन वर्षांची आहे, हाक मारल्यावर बघत नाही, बोलत नाही, आपलेकडे कानाचे डॉक्टर असतात काय, कृपया कळवावे ही विनंती.' कानाचे डॉक्टर होते आमच्याकडे. पुण्याहून यायचे, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, ऐकू येण्याची तपासणी करायचं मशीन घेऊन. महिन्यातून एकदाच येतात म्हणून मी त्यांचं पान केलं नव्हतं. त्यामुळे लिहिणाऱ्याला उत्तर गेलं असणार ते साईटचं ठरलेलं: 'ही माहिती सध्या उपलब्ध नाही.' मी ती ओळ वाचली. पूर्ण वाचली. आणि खालच्या ओळीवर गेले.

पुढं वेबसाईटवाल्यानं साईट नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा माझा सहा शब्दांचा नियम तिकडं लावायचा राहून गेला. महिन्याची यादी उघडली तर पुन्हा लांब ओळी. मी वेबसाईटवाल्याच्या नावानं बोटं मोडतच होते, तेवढ्यात दिसलं: 'विषय मुलीच्या कानाबाबत, स्मरणपत्र सातवे. मुलगी आता तीन वर्षांची होईल. यापूर्वी सात अर्ज केले आहेत.' खाली गाव मांडवगण फराटा, हल्ली मुक्काम सणसवाडी, आणि एक मोबाईल नंबर.

हाक मारल्यावर न बघणारी ती मुलगी मला लगेच आठवली, म्हणजे मी विसरलेही नव्हते.

तसाच फोन लावला. गुरुवार होता, सणसवाडीच्या कारखान्यांची सुट्टी. नंबर मुलीच्या वडिलांचा, पण फोन तिच्या आईनं उचलला. मी दवाखान्याचं नाव सांगितलं, तर पलीकडून एकदम आवाज आला, "म्याडम, अर्ज मंजूर झाला व्हय?"

"हो," मी म्हणाले. "मंगळवारी या."

मंगळवारी सकाळी आठलाच दोघी दारात. मुलीला नवा फ्रॉक, डोक्याला चपचपीत तेल. ती सगळीकडं टकामका बघत होती. स्ट्रेचर आलं की स्ट्रेचरकडं, सिस्टरच्या हाताकडं, माझ्या तोंडाकडं. मागून कंपाउंडरच्या हातातला ट्रे खणकन पडला. आम्ही सगळे दचकलो, ती नाही.

तिची आई बारावी झालेली. नवरा सणसवाडीत कारखान्यात, दोघं तिथंच भाड्याच्या खोलीत. घरचे म्हणायचे, उशिरा बोलंल, हिचा चुलता बी चौथ्या वर्षी बोलायला लागला. खोलीच्या खाली कॉम्प्युटरचं दुकान होतं. तिथं जाऊन ती नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या साईटवर अर्ज लिहायची. 'सध्या उपलब्ध नाही' असं आलं की परत जायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा लिहायची.

"मला वाटलं सायब जाग्यावर न्हाईत," ती म्हणाली. "ऑफिसातलं काम पयल्या खेपंला कवा हुतंय?"

मी चिडले. कुणावर चिडले ते आता कळतं. "अहो, पण सरळ उठून यायचं ना इकडं! दौंड काय लांब आहे?"

"अर्ज न करता कसं यायचं म्याडम? ट्रस्टचा दवाखाना. पोरीला घिऊन आलं आन् दारातनं परत लावलं म्हंजी?"

तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हतं. डॉक्टर शांतपणे समजावत होते. ऐकायचं मशीन लावता येईल, मग बोलायला शिकवावं लागेल, पुण्याला न्यावं लागेल, चिकाटी ठेवा. मग म्हणाले, "भाषा शिकायची हीच वर्षं असतात. वर्षभर आधी आणली असती तर फार बरं झालं असतं."

"चुकलंच आमचं," ती म्हणाली.

मी तिथंच उभी होते, हातात तिच्या मुलीची फाईल. तोंडातून शब्द काढला नाही. तो जो गप्प राहण्याचा क्षण होता, त्याची मला आजही लाज वाटते.

मशीन ट्रस्टनं दिलं. आप्पांनी एक प्रश्न न विचारता सही केली. छातीवर डबी, तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत. दर आठवड्याला पुण्याला शिकवणी, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमच्याकडं. पोरीची आई उन्हातान्हात एसटीनं एकटी ने-आण करायची. मुलगी आवाजाच्या दिशेनं बघायला लागली. 'आई' म्हणायला लागली, पाण्याला 'पा' म्हणायची. बाकीचे शब्द तिच्या तोंडातून अर्धेच यायचे. हिचं हळू होणार, असं शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं. उशीर झालाय ना, म्हणाल्या.

आणि दर महिन्याच्या त्या मंगळवारी ती आई माझ्यासाठी काहीतरी आणायची. कधी ओल्या शेंगा, कधी हरभऱ्याचे डहाळे. बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांनासुद्धा सांगायची, "ह्या ताईंमुळं झालं सगळं. फोन करून बलीवलं आमाला." मी शेंगा घरी न्यायचे आणि शेजारी वाटून टाकायचे.

दरम्यान मी कानाचं पान केलं. तो नियम कायमचा काढून टाकला. महिन्याची वाट न बघता रोज सकाळी यादी उघडायची, लांब ओळी आधी वाचायच्या आणि नंबर असेल तिथं लगेच फोन लावायचा, असं सुरू केलं. आप्पांना वाटलं मी फार उत्साही आहे. पण मधल्या वर्षात आलेली एकही लांब ओळ साठलेली नव्हती. आणखी कुणी कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, हे कळायचा मार्ग मीच बंद केला होता.

असं वर्ष गेलं. एका मंगळवारी ती पुन्हा शेंगांची पिशवी माझ्या हातात द्यायला लागली आणि मला ते सहन होईना. मी तिला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"तुमचा पहिला अर्ज मी तेव्हाच वाचला होता," मी म्हणाले.

तिला कळेना. "तवाच म्हंजी?"

"दोन वर्षांची होती तेव्हाच. वाचला आणि सोडून दिला. मग नंतरचे आलेच नाहीत माझ्यापर्यंत. सहा शब्दांपेक्षा जे लांब असेल ते घ्यायचंच नाही, असं मीच सांगितलं होतं. मंजूर-बिंजूर काही नसतं. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

तिनं आरडाओरडा करावा, चार शिव्या द्याव्यात, असं मला मनातून वाटत होतं. मुलगी बाकावर हात आपटून आवाज काढत होती. तिला आईनं जवळ ओढलं, कानातली निसटलेली वायर नीट बसवली आणि कितीतरी वेळ तिच्या फ्रॉकवरची डबी सारखी करत राहिली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली,

"लांब हुता व्हय? म्या तर लई कमी करून लिवला हुता, ताई."