आधी पाणी

सुभद्राबाईंची साठी साजरी करायचं ठरलं तेव्हा गौरवसमितीने मला बजावलं, “रहीमभाऊ, चांगलं चांगलं लिहा.” चांगलंच लिहिणार आहे. पण बाईंचं चांगलं लिहायचं तर त्यांच्यावरचा माझा रागही लिहावा लागतो, त्याला माझा इलाज नाही.

पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी अहेरीच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. एका बाजाराच्या दिवशी बांबूच्या ट्रकमधून नव्या नर्सबाई उतरल्या. हातातली पत्र्याची पेटी खाली ठेवायच्या आत त्यांनी मला विचारलं, “इथले लोक पिण्याचं पाणी कुठून आणतात?” मी म्हटलं, आधी चहा तर घ्या. तोवर त्या नदीच्या दिशेने चालू लागल्या होत्या. पेटी मी आणि शिपाई मलय्याने उचलून खोलीवर नेली. मलय्या म्हणाला, “भाऊ, हे बाई आपल्याले बसू देनार नाई.” तसंच झालं.

सकाळी दवाखाना उघडला की बाई त्या दिवसाचं एक मुख्य काम ठरवीत आणि ते तडीस जाईपर्यंत कोणाला इकडेतिकडे हलू देत नसत. एकदा औषधांच्या खोलीची सफाई ठरली होती. नेमके तपासणीला वरचे साहेब आले आणि कोणी खुर्ची देईना म्हणून रुसले. “एवढं झालं की बसू, साहेब,” असं बाई फडताळाखालून म्हणाल्या. त्या तिथे आडव्या होऊन उंदरांच्या लेंड्या काढत होत्या. साहेब उभेच राहिले. त्यामुळे आम्हालाही कुरकुर करायची सोय उरली नाही. माणूस म्हणून त्या किती मायाळू, तेही सांगतो. रमजान लागला तसं संध्याकाळचं मलमपट्टीचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. मी काही मागितलंही नव्हतं. आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, “ते राहू द्या, बाटल्यांना बुचं नीट लावत जा.”

अशी माणसं दुरून फार गोड वाटतात. त्यांच्या हाताखाली काम करून बघावं.

एका उन्हाळ्यात सिरोंच्याच्या वाटेवरच्या, नदीकाठच्या एका गावात पटकी पसरली. मोठे डॉक्टर कामासाठी चांद्याला गेलेले. बाई, मी आणि मलय्या बैलगाडी घेऊन निघालो. गाडीवान वेशीवरूनच पळाला, तेव्हा कासरा मलय्याने हातात घेतला.

आमच्याकडे नदी आटली की लोक वाळूत खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. त्यात पाझरणारं पाणी वाटी-वाटीने भरायचं. वाळूने गाळलेलं पाणी बाधत नाही, हा इथला पक्का समज. त्या भरवशावर बाया आजाऱ्यांचे कपडे झिऱ्याच्या वरच्या अंगाला धूत होत्या आणि खाली तेच पाणी पोरांना पाजत होत्या. बाईंनी गावातले सगळे झिरे बुजवायला काढले. एक म्हातारी आडवी आली. “काऊन बुजवता? सासऱ्याच्या वक्तापासून आमी इथीच खनतो!”

बाई म्हणाल्या, “नातू जगवाचा हाय ना, आजी? मंग बुजवू द्या.”

नवा झिरा गावापासून बराच वर, नदीच्या वळणावर खणला. घरोघर माणसं आडवी पडलेली. तेवढ्या लांबून उन्हात पाणी आणणार कोण? म्हणून गाडीत ड्रम ठेवून मलय्या दिवसभर खेपा करू लागला. मी म्हणत होतो, आधी औषधं वाटू. बाईंचं एकच: “आधी पाणी. नाहीतर आपण औषध पाजत राहू आणि हे लोक आजार पीत राहतील.”

आजार हटू लागला होता. आणि एका सकाळी मलय्या गाडीवरून उतरला तो खालीच बसला. दोन उलट्या झाल्या आणि त्याचे डोळे खोल गेले. आमच्याजवळचं सलाईन केव्हाच संपलं होतं. ते आणायला अहेरीला पायी धाडलेला माणूस परतला नव्हता. गावात दुसरी गाडी नव्हती, आणि खाटेवर न्यावं तर खांदा द्यायला धड माणूस नव्हता. मी म्हटलं, “बाई, मी याला गाडीत घालून निघतो. अंधार पडायच्या आत अहेरी गाठतो.”

आदल्या दिवशी गाडीला थोडा उशीर झाला, तर बायांनी जुना झिरा पुन्हा उकरला होता. ते बाईंनी पाहिलं होतं. मीही पाहिलं होतं.

“गाडी जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “खेपा तुम्ही करा. मी याच्याजवळ बसते.”

मी ओरडलो. नाही नाही ते बोललो. मलय्या शुद्धीवर होता. त्याने विचारलं, “बाई, मले नेत नाई का?”

“नाई, मलय्या. गाडी पान्याले लागते.”

दुसरं कोणीही त्याला म्हणालं असतं, नेतो रे, थांब जरा. बाईंना ते जमलं नाही. मी बैल हाकत होतो, रडत होतो आणि बाईंना शिव्या घालत होतो. त्या चमच्याने त्याला मीठपाणी पाजत राहिल्या. दिवस मावळायच्या आत मलय्या गेला. सलाईन दुसऱ्या दिवशी आलं.

त्यानंतर त्या गावात पटकीने एकही माणूस गेलं नाही. गाडी निघाली असती तर मलय्या वाचला असता का, ते मला माहीत नाही, बाईंनाही नाही.

त्याच्या बायकोला, राजक्कांना, कळवायला मी जाणार होतो. ‘नशिबात होतं’ एवढंच सांगायचं मी ठरवलं होतं. बाईंनी मला मागे ठेवलं. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्या म्हणाल्या, “गाडी होती. मी देली नाई.” वरच्यांचा हुकूम नाही, देवाची मर्जी नाही, ‘आम्ही’ सुद्धा नाही. राजक्कांनी दार लावून घेतलं. नेतृत्वावर हल्ली पुष्कळ भाषणं होतात. मला ते बंद दार आठवतं आणि मी सभेतून उठून येतो.

बाई दर उन्हाळ्यात राजक्कांच्या दारी जातात. काही वर्षं दार उघडलंच नाही. मग एकदा उघडलं, राजक्कांनी भात वाढला, बोलल्या मात्र नाहीत. अजूनही तसंच चालतं.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे चालते राहोत, आम्हाला रागवायला आवाज शाबूत राहो, असं आम्ही त्यांच्या हाताखालचे सगळेच मनापासून म्हणतो. या गौरवग्रंथासाठी मी राजक्कांकडेही गेलो होतो. बाईंना साठीनिमित्त काही सांगायचं आहे का, असं विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “माफ नाई केलं मी. तसंच लिवा.”

मी बरं म्हणून उठलो, तर त्यांनी सूप खाली ठेवलं.

“भाऊ, आनखी लिवा. तिनं लई वर्सं जगाव म्हना. ते गेली त मी कोनावर रागावू?”