आपल्या गेमच्या पिक्चरचा हीरो सापडला

मंडळी, आठवडाभर इथे चाललेला वाद मी आज दुपारी मिटवून टाकलाय.

आपल्या फौजी गेमवर पिक्चर निघाला तर हीरो कोण? तुम्ही सगळ्यांनी मोठमोठे स्टार सुचवलेत. अरे, पण गेममधला कॅप्टन अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, नुसत्या हाताच्या खुणांनी टीम चालवतो. तुमच्या स्टारला डायलॉग मारल्याशिवाय जमणार आहे का?

आज धामणकर नाक्याला आपल्या दोस्त इमरानच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात गेलो होतो. आत एवढा खडखडाट, की तिथे सगळे हातांनीच बोलतात. इमरानचे अब्बा एका टोकाला उभे होते. त्यांनी दोन बोटं हलवली, तर पार दुसऱ्या टोकाच्या कारागिराने लूम थांबवला. मनगट फिरवलं, तर एकजण सुताची कांडी घेऊन धावला.

मी इमरानला बाहेर खेचलं. म्हटलं, "हाच आपला कॅप्टन!"

"अबे, अब्बांचे गुडघे दुखतात. ते काय पळणार?"

"पळायला डुप्लिकेट घेऊ. तू विचार तर खरं!"

इमरानने दारातूनच खुणा करून विचारलं. अब्बांनी दाढीवरून हात फिरवला, डोक्यावरून ओढणी घेतल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या.

इमरान हसत हसत खालीच बसला. "विचारतायत, हिरॉईन कोण?"

तर हीरो फायनल, त्यावर आता चर्चा नको. हिरॉईन तेवढी सुचवा. आणि जरा जपून हां, इमरानच्या अम्मींनाही त्या सगळ्या खुणा कळतात.