काकांच्या दगडावरची ओळ

नागपूर स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचंच ऊन डोळ्यांत खुपत होतं. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. नवऱ्याच्या कबरीवर दगड बसवायचा म्हणून रूथमावशीनं मला पुण्याहून बोलावलं होतं. सीताबर्डीला आम्ही तर्री-पोहे (झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तशी मावशी बऱ्याच दिवसांनी हसली.

नावाखाली तिला एकच ओळ हवी होती, बायबलातल्या प्रेमगीतातली. त्याच्या हाताची मला उशी आहे, त्यानं मला कवेत घेतलंय, अशा अर्थाची. शेवटच्या आजारात मात्र उलट, काकाच तिच्या हातावर डोकं ठेवून झोपायचे.

ऑटोनं लकडगंजला गेलो. दगड कोरणारा कारागीर आमच्याकडे न बघताच म्हणाला, "नाव झालं, मावशी. पण ती ओळ पाळकसाहेबानं फोन करून थांबवली ना."

माझं डोकंच फिरलं. तशाच आम्ही चर्चमध्ये गेलो. पाळकसाहेब लहानपणी मावशीच्याच रविवारच्या शाळेत शिकलेले. थंड पाणी देऊन म्हणाले, "कबरस्तानात लेकरंबाळं येतात, मावशी. शोभत नाही. त्या गीताचा अर्थ आध्यात्मिक आहे. देवाचं आपल्यावरचं प्रेम आहे ते."

"मंग देवाले लाज नाही वाटली, तुले काहून वाटून राहिली गा?" मावशीनं विचारलं.

"कमिटीनं ठरवलं आहे," ते पुटपुटले.

मग मी तोंड सोडलं. जन्मभर संसार केलेल्या बाईनं नवऱ्याची मिठी आठवायला कमिटीची परवानगी काढायची? जो ग्रंथ हातात धरून उपदेश करता, त्यातलीच ओळ तुम्हाला अशोभनीय? पाळकसाहेब रुमालानं मान पुसत राहिले.

संध्याकाळी दगड बसला. नावाखाली वीतभर जागा कोरीच होती. तिथं फूल कोरून देतो, असं कारागीर म्हणाला.

"काही नको," मावशी म्हणाली. "राहू दे कोरी. लोकं विचारतीन, इथं काय लिहायचं होतं म्हणून. मंग पाळकाले सांगाच लागन."

परतीच्या गाडीतही माझी धुसफुस चालूच होती. पुण्यात पोचल्यावर मावशीचा फोन आला. कबरीवर फुलं वाहायला आलेल्या एका बाईनं पाळकसाहेबांनाच विचारलं होतं.

"मग? सांगितली त्यांनी ओळ?"

"सांगितली. पूर्ण सांगितली. पण खाली पाहून."

माझा राग अजून गेलेला नाही. दर रविवारी त्यांना कुणी ना कुणी विचारो, एवढीच माझी प्रार्थना आहे.