पंखावरची रोझा

जव्हारात विमान आलं ते तीन दिवसांपुरतं, पण त्याच्या गोष्टी अजून संपत नाहीत. ज्यांनी ते पाहिलंच नाही, त्यांच्याकडे तर जास्तच आहेत! मी आपली माझ्यासमोर घडलेल्याच सांगते.

दरबारच्या हौसेखातर मुंबईहून कसरतीचं विमान मागवलं होतं. चालवायला एक गोरा कॅप्टन, आणि उडत्या विमानाच्या पंखावर चालायला रोझा. वसईची मुलगी, माझ्याच वयाची. बाबा कचेरीत अव्वल कारकून, सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. म्हणून ती आमच्याच घरी उतरली.

*

आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने माळावर उभ्या विमानाच्या पंखावर टिचकी मारली आणि दचकली. "अगंबाई, हे तर कापड!"

रोझाने समजावलं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून वर रोगण दिलेलं असतं. पाय नेमका लाकडावर पडला पाहिजे.

"आणि नाही पडला तर?"

"मग कॅप्टनसाहेबांना परतताना वजन कमी."

त्या दिवशी रोझाचं जेवण होईपर्यंत आत्या तिच्या पानासमोरून हलली नाही.

*

माझं बी.ए. झालेलं, प्रश्न विचारायची खोड. वर भीती कशाची वाटते, असं मी खोदून खोदून विचारलं. रोझा म्हणाली, बोटांची. वाऱ्याने ती सुन्न होतात आणि पंखांमधली आधाराची तार धरली आहे की नाही तेच कळत नाही. डोळ्यांनी बघून खात्री करावी लागते. आणि काही झालं तरी विमान टेकण्याआधी आत येऊन बसायचं. पंखावर कोणी असलं की विमान उतरताना त्या अंगाला कलतं.

"कलंडलं तर?"

"तर पहिली मी."

*

वडीलधाऱ्यांची बैठक बसली. तारेबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही; सगळी चर्चा रोझाच्या तुमानीवर. निवृत्त कारभारी नाना म्हणाले, राणीसाहेब बघणार, रोझाने नऊवारी नेसावी.

मी म्हटलं, "नाना, आधी तुम्ही नेसून चढा."

बाबा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. रोझा मात्र नम्रपणे म्हणाली, "नेसते की. पदर प्रोपेलरमध्ये गेला तर विमान कुठे पडेल ते सांगता येत नाही. नाना कुठे बसणार आहेत?"

तुमान मंजूर झाली.

*

वारा कुठला आहे हे कॅप्टनला वरून दिसावं म्हणून उतरायच्या माळावर धूर करायचा होता. लोक घाबरू नयेत म्हणून बाबांनी मोखाड्याकडच्या गावांतून दवंडी पिटवली: विमान डोंगरावरून जाईल, आणि जव्हारच्या माळावर धूर दिसला की तिथे उतरेल.

दिवस पावसाळ्याआधीचे. पेरणीआधी जमीन भाजतात, त्या राबासाठी शेताशेतात पालापाचोळा, काटक्या रचून तयार. लोकांनी दवंडीतलं एवढंच मनात धरलं, की धूर दिसला की विमान उतरतं. आपल्या दारी विमान कोणाला नको?

रोझा पंखावर उभी राहिलेली आम्ही पाहिली. विमान मोखाड्याकडे वळलं आणि एका डोंगरावर धूर निघाला. मग दुसऱ्यावर. मग सगळ्यांवरच. आभाळ दिसेना. आवाज डोक्यावरून गेला, परत आला, पुन्हा गेला, आणि थांबला.

"प्रजेचा उत्साह बघा," नाना म्हणाले.

*

विमान संध्याकाळी सापडलं, मोखाड्याच्या वाटेवर पोशेऱ्याजवळ, एका शेतात. जमीन दिसेना म्हणून कॅप्टन घिरट्या घालत राहिला होता. त्याने रोझाला आत यायची खूण केली, पण धुरात तिला स्वतःची बोटंच दिसत नव्हती, तार धरली आहे की नाही ते कळेना. पेट्रोल संपत आलं, तेव्हा ती तशीच पंखावरच्या खांबाला मिठी मारून राहिली आणि त्याने तिच्यासकट विमान खाली टेकवलं.

आम्ही पोचलो तेव्हा ती एका झोपडीसमोर नागलीची भाकरी खात बसली होती, नखशिखांत काळी. शेजारी त्या घरची म्हातारी, तिचं मनगट धरून.

सकाळी बाबांनी मागवलेलं पेट्रोल आलं. विमान उडायला तयार झालं. कॅप्टनने रोझाला हाक मारली. म्हातारी मनगट सोडेना. बाबांनी तिला दरबारचा हुकूम सांगितला, राणीसाहेब वाट बघताहेत हेही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं इमान तुमी न्या," ती म्हणाली. "पोर चालत येल."

कॅप्टन एकटाच उडाला. रोझा पोशेऱ्याहून जव्हारला पायी आली, आणि आमच्या दारात येईपर्यंत म्हातारीने तिचं मनगट सोडलं नाही.